राणीमाशीचं विमान

आज एका शब्दापासून सुरुवात करू या: ड्रोन. लग्नात वरातीच्या डोक्यावर घोंघावतो तो ड्रोन, कपाशीवर औषध फवारतो तो ड्रोन, आणि रात्रीच्या बातम्यांत इमारतीवर आदळताना दिसतो तोही ड्रोनच. इंग्रजीत या शब्दाचा एक जुना अर्थ नर मधमाशी. या यंत्राला नरमाशीचं नाव का पडलं? घूं घूं आवाजावरून, असं बरेच जण सांगतात. आवाज आहेच, पण त्याआधी एक राणीमाशी होऊन गेली. ती लाकडाची होती, कापडाने मढवलेली होती, एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या तिला होत्या. आणि तोफांच्या तोंडी देण्यासाठीच ती बांधली होती.

मी बडोद्याचा मराठी माणूस. इतिहास हा माझा विषय आणि रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं उडवणं हा माझा नाद. बहुतेक वेळा या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडत नाही. या गोष्टीत मात्र ती पडते, कारण माझ्या टेबलावर असलेल्या टायगर मॉथच्या मॉडेलचा स्क्रू फिरवताना जे कळतं, ते नुसतं पुस्तकात वाचून नीट कळत नाही.

रेडिओने लांबून काही घडवून आणायचं, ही कल्पना विमानाहून जुनी आहे. १८९०च्या दशकाच्या मध्यात कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू पेटवून दाखवली. म्हणजे रिमोट कंट्रोलचा जाहीर प्रयोग आपल्याकडे तेव्हाच झाला होता. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक छोटी बोट रेडिओच्या इशाऱ्यावर फिरवली. इथे मराठी श्रोत्यांचा एक प्रश्न हमखास येतो: १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी वैमानिकाशिवाय विमान उडवलं, त्याचं काय? तळपदे होते, त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, हे खरं. पण त्या उड्डाणाचा त्या काळचा भरवशाचा पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही, आणि तो नसताना मी ते इतिहास म्हणून सांगणार नाही. बोसांच्या प्रयोगाला भरल्या सभागृहाची साक्ष आहे.

आता थेट १९३०च्या आसपासच्या ब्रिटनमध्ये येऊ. तिथे आरमार आणि विमानदल यांच्यात एक वाद पेटलेला होता. विमान युद्धनौकेला बुडवू शकतं का? आरमारातले जुने अधिकारी म्हणत, येऊ दे विमान, आमच्या तोफा त्याला समुद्रातच पाडतील. विमानवाले म्हणत, पाडून दाखवा. पाडून दाखवायचं म्हणजे खऱ्याखुऱ्या उडत्या विमानावर गोळे टाकायला हवेत, आणि आत माणूस बसवून तसं करता येत नाही. तोवर तोफखान्याचा सराव विमानामागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या कापडी निशाणावर चाले. ते निशाण बिचारं सरळ रेषेत जाई, वळत नसे, सूर मारत नसे.

मग फेअरी कंपनीच्या काही दुपंखी विमानांत रेडिओची यंत्रणा बसवली. नाव ठेवलं फेअरी क्वीन. पहिल्या प्रयत्नांत ती जहाजावरून सुटताच कोसळली. पण १९३३च्या जानेवारीत भूमध्य समुद्रात ब्रिटनच्या होम फ्लीटपुढे एक फेअरी क्वीन सोडली गेली. आरमाराने तिच्यावर दोन तास तोफा चालवल्या आणि विमानाला काही झालं नाही. ते धिम्या चालीचं होतं, कसरती करत नव्हतं, उलट गोळीही झाडत नव्हतं. तरी लागलं नाही. हा निकाल कोणत्याही समितीच्या अहवालापेक्षा बोलका होता.

फेअरी क्वीन मात्र महाग पडे. रोज उडवून रोज पाडायला स्वस्त वाण हवं होतं. ते काम डी हॅव्हिलंड कंपनीकडे आलं. संस्थापक जेफ्री डी हॅव्हिलंड यांना फुलपाखरं आणि पतंग गोळा करण्याचा छंद होता, म्हणून त्यांच्या विमानांची नावं मॉथ: जिप्सी मॉथ, पुस मॉथ, टायगर मॉथ. (१९३२ साली जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पुस मॉथमधून.) मराठीत मॉथ म्हणजे पतंग, आणि दोरीवर उडतो तोही पतंगच. लांबून हुकूम घेऊन उडणाऱ्या मॉथला आपल्या भाषेइतकं चपखल नाव इंग्रजीतही सापडलं नसतं.

कंपनीने केलं ते असं. टायगर मॉथचे पंख घेतले. टायगर मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असे. त्याऐवजी जुन्या मॉथ मेजरच्या धर्तीचा लाकडी, प्लायवूडचा सांगाडा वापरला. लाकूड स्वस्त आणि समुद्रात पडलं तर तरंगतं. पुढच्या कॉकपिटमध्ये नेहमीच्या दांड्या ठेवल्या, म्हणजे चाचणीला किंवा एका तळावरून दुसऱ्या तळावर न्यायला माणूस बसू शकेल. मागच्या कॉकपिटमध्ये माणसाच्या जागी रेडिओ आणि दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रणा. ५ जानेवारी १९३५ रोजी हॅटफिल्डला हे विमान प्रथम उडालं, तेव्हा आत वैमानिक होता. नाव ठेवलं क्वीन बी, राणीमाशी. पुढे अशी सुमारे ४०० विमानं बांधली गेली.

जमिनीवरचा माणूस ते उडवायचा कसा? टेलिफोनच्या डायलने. ज्यांनी काळा फोन वापरला आहे त्यांना डोळ्यांपुढे लगेच येईल: भोकात बोट घालायचं, फिरवायचं, सोडायचं, डायल कुरकुरत मागे येते आणि तेवढे ठोके तारेतून जातात. इथे ते ठोके रेडिओवरून जात. एका आकड्याला डावीकडे वळ, दुसऱ्याला उजवीकडे, तिसऱ्याला वर चढ, आणखी एकाला खाली उतर. आज माझ्या हातातल्या ट्रान्समीटरची काडी मी केसभर हलवली तर विमानाचा पडदाही केसभर हलतो. डायलमध्ये ती सोय नाही. आकडा फिरवला की ठरलेली हालचाल, ठरलेल्या मापाने. मधलं काही नाही.

आणि या विमानाला पंखांवरचे झुलते पडदे, म्हणजे एलेरॉन, वापरताच येत नव्हते. ते मध्यावर पक्के करून टाकलेले असत. वळायचं ते फक्त शेपटीच्या रडरवर. हे प्रथम वाचलं तेव्हा मला ते पटेना. विमान वळताना तिरकं व्हायला हवं, आणि तिरकं करतात एलेरॉन. मग मी मॉडेल टेबलावर घेतलं.

माझं मॉडेल मूळ विमानाच्या एक षष्ठांश मापाचं आहे. पंखांची लांबी दीड मीटरच्या जराशी आत, वजन अडीच किलोच्या आसपास, पुढे विजेची मोटर. सांगाडा बाल्साचा आणि प्लायचा आहे, त्यामुळे खरं तर ते टायगर मॉथपेक्षा राणीमाशीच्याच जास्त जवळचं. दुपंखी मॉडेल जुळवणं म्हणजे चिकाटीची परीक्षा. एकपंखी विमानात पंख बसवला, दोन स्क्रू आवळले, झालं. इथे चार पंख, त्यांच्यामधले खांब आणि ताणाच्या तारा. एक तार जास्त ताणली तर पंखाला पीळ बसतो, आणि पीळ बसलेलं विमान हवेत सतत एका बाजूला झुकतं. म्हणून मी आधी तारा सैल ठेवतो, वरच्या आणि खालच्या पंखाचा कोन दोन्ही बाजूंना मोजतो, तो जुळला की समोरासमोरच्या तारा जोडीने थोड्या थोड्या आवळत जातो. घाई करणाऱ्याने या फंदात पडू नये.

पुढचा प्रश्न तोलाचा. विमानाचा गुरुत्वमध्य कुठे हवा? साध्या पंखात तो पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर धरतात. टायगर मॉथमध्ये मात्र मोजायचं कुठून, इथूनच अडचण सुरू होते. वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे आहे, आणि दोन्ही पंख टोकांकडे मागे वळलेले आहेत. याला एक सुंदर कारण आहे. आधीच्या मॉथमध्ये पुढच्या कॉकपिटच्या बरोबर डोक्यावर वरचा पंख येई. पॅराशूट पाठीला बांधलेल्या माणसाला घाईत बाहेर पडणं मुश्कील. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. तसं केल्यावर उचल देणारी ताकदही पुढे गेली आणि तोल बिघडला. तो सावरायला पंखांची टोकं मागे वळवली. विमानाच्या देखण्या आकाराचं मूळ असं एका माणसाला उडी मारता यावी या सोयीत आहे. मॉडेल जुळवणाऱ्याला मात्र त्यामुळे वरचा पंख, खालचा पंख, त्यांचं मागे वळणं, सगळं धरून मधला एक काल्पनिक पंख काढावा लागतो आणि त्यावर बिंदू ठरवावा लागतो. मी बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधतो, आणि पहिल्या उड्डाणाला नाक किंचित जडच ठेवतो. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं. शेपटी जड असलेलं विमान हाती लागत नाही.

आता एलेरॉनचा प्रश्न. खऱ्या टायगर मॉथला ते फक्त खालच्या पंखांवर आहेत, मॉडेललाही तसेच. डावीकडे झुकायचं तर उजवा पडदा खाली जातो. त्याने उजवा पंख उचलला जातो, पण त्याच पंखावर हवेचा अडथळाही वाढतो, आणि विमानाचं नाक उलट उजवीकडे ओढलं जातं. शरीर डावीकडे, तोंड उजवीकडे. दुपंखी विमानात हा हट्टीपणा फार. म्हणून खाली जाणारा पडदा अगदी थोडा आणि वर जाणारा भरपूर हलेल, अशी जुळवणी करतात. मूळ विमानात डी हॅव्हिलंडने ती दांड्यांच्या रचनेतूनच केली होती; मी ती ट्रान्समीटरच्या मेनूत आकडे घालून करतो. तेवढं करूनही रडर सोबत द्यावाच लागतो.

मी एका बटणावर अशी सोय केली की ते दाबलं की एलेरॉन मध्यावर स्थिर राहतील. मग विमान पुरेशा उंचीवर नेऊन बटण दाबलं आणि नुसता डावा रडर दिला. आधी नाक डावीकडे सरकलं. क्षणभर विमान तसंच सपाट घसरत राहिलं. मग उजवा पंख आपोआप उचलला गेला आणि विमान सावकाश, रुंद गोल घेत वळलं. कारण पंख टोकांकडे किंचित वर चढते असतात. नाक डावीकडे फिरलं की उजवा पंख वाऱ्याला पुढून भिडतो, त्या चढावामुळे त्याला उचल जास्त मिळते, आणि तोच विमानाला तिरकं करतो. रडर फक्त सुरुवात करून देतो. बाकीचं काम विमानाची घडण करते. मंडळी, राणीमाशीचं गुपित ते हेच. तिच्या रेडिओत फारशी अक्कल नव्हती. अक्कल पंखांच्या कोनात होती, शिकाऊ पोरांच्या हातून विमान सुखरूप राहावं म्हणून आधीच घालून ठेवलेली. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूरच्या शाळांत आपल्याकडची मुलं याच टायगर मॉथवर उडायला शिकली. नवशिक्याला सांभाळून घेणारं विमान वैमानिक नसतानाही स्वतःला सांभाळून घेई.

उतरवणं ही खरी परीक्षा. दुपंखी विमानाला खांब, तारा, दोन-दोन पंख यांचा अडथळा इतका की मोटर बंद केली की ते तरंगत येत नाही, खाली बसत येतं. म्हणून शेवटपर्यंत थोडी मोटर चालू ठेवायची, जमिनीच्या हातभर वर नाक हलकेच उचलायचं आणि मगच बंद करायची. ती हातभर उंची माझ्या डोळ्यांना दिसते. किनाऱ्यावर उभा राहून लांब समुद्रावरचं विमान डायलवर उतरवणाऱ्याला ती कशी दिसणार? त्यावर काढलेला तोडगा मला साऱ्या यंत्रात सर्वांत आवडतो. विमानाखाली वजन बांधलेली एरियलची तार लोंबत असे. विमान उतरत आलं की आधी त्या तारेचं वजन पाण्याला किंवा जमिनीला टेके, आणि टेकताच यंत्रणा इंजिन बंद करून नाक उचले. अंधारात पायरी उतरताना आपण पाऊल आधी चाचपतो ना, तसं.

आता त्या नावाकडे येऊ. १९३५ साली अमेरिकन आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल विल्यम स्टॅंडली ब्रिटनला गेले असता त्यांनी राणीमाशीचं प्रात्यक्षिक पाहिलं. परत जाऊन त्यांनी असंच काही आपल्याकडे करण्याचा आदेश दिला. काम डेल्मर फार्नी या अधिकाऱ्याकडे आलं, आणि राणीमाशीला मान देत अमेरिकन यंत्राला ड्रोन, म्हणजे नरमाशी, हे नाव मिळालं, अशी सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत आहे. राणीशी मीलन झालं की नर मरतो, हे मधमाश्या पाळणाऱ्याला ठाऊक असतं. निशाण म्हणून मरायला सोडायच्या विमानाला हे नाव देणाऱ्याने तेवढा विचार केला होता की नाही, देव जाणे.

आपल्याकडे एक समज आहे की असे छंद लष्करी संशोधनाची उष्टी-खरकटी घेऊन उभे राहतात. इथल्या तारखा तसं सांगत नाहीत. १९३७ साली, राणीमाशीनंतर अवघ्या दोन वर्षांनी, डेट्रॉइटच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेडिओवरच्या मॉडेल विमानांचा वेगळा गट होता. त्याच सुमारास मिशिगनमधल्या कॅलमझू गावचे वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ आपलं ‘गफ’ नावाचं मॉडेल उडवत होते. १९३८, १९३९ आणि १९४० अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. ते मॉडेल आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यांच्यापाशी लष्कराचं गुपित नव्हतं. हौशी रेडिओचा परवाना आणि घरची कार्यशाळा होती. त्या काळच्या मॉडेलांत पीळ दिलेलं रबर रडर फिरवत असे. एक इशारा आला की रबर एक टप्पा सुटे: उजवीकडे. पुढचा इशारा: मध्ये. त्यापुढचा: डावीकडे. मागचा इशारा कोणता होता हे उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचं, नाहीतर डावीकडे म्हणून दाबावं आणि विमान उजवीकडे.

उलट अमेरिकेत छंदातून शस्त्र निघालं. रेजिनाल्ड डेनी हा मूळचा इंग्रज नट, पहिल्या महायुद्धात विमानदलात होता. तरुणपणी तो बॅंडमन ऑपेरा कंपनीबरोबर गायक म्हणून हिंदुस्थानात दौरा करून गेला होता. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस उभं करणाऱ्यांपैकी एक, मॉरिस बॅंडमन, त्यांची ही कंपनी. पुढे हॉलिवुडमध्ये डेनीने मॉडेल विमानांचं दुकान काढलं आणि त्यातून रेडिओवरचं छोटं निशाण-विमान बनवून लष्कराला विकलं. युद्धात त्याच्या रेडिओप्लेन कंपनीने अशी हजारो यंत्रं बनवली. त्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलीचा फोटो १९४५ साली लष्करी छायाचित्रकाराने काढला. तीच पुढे मेरिलिन मन्रो झाली. हा किस्सा सगळेच सांगतात. मला त्यापेक्षा दुकानाच्या काउंटरवरून तोफखान्यापर्यंत झालेला तो प्रवास महत्त्वाचा वाटतो.

राणीमाशीने १९३०च्या दशकात जे सांगितलं, ते ऐकलं गेलं का? थोडंफार. तोफा वाढल्या, नेम धरण्याची यंत्रं सुधारली, सराव वाढला. ६ जून १९४१चा एक फोटो प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधल्या वेस्ट लॅव्हिंग्टनच्या माळावर राणीमाशी उडवण्याची तयारी चालली आहे आणि विन्स्टन चर्चिल युद्धमंत्री डेव्हिड मार्गेसन यांच्यासोबत उभे राहून ती पाहत आहेत. त्यानंतर सहा महिन्यांनी, १० डिसेंबर १९४१ रोजी, ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन मोठ्या युद्धनौका मलायाच्या किनाऱ्यापाशी जपानी विमानांना सापडल्या. वर संरक्षणाला स्वतःची विमानं नव्हती. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास हल्ला सुरू झाला आणि दुपारी दीडच्या आत दोन्ही जहाजं तळाला गेली. ८४० माणसं मेली. जपानी विमानांपैकी पाडली गेली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथे इतरही कारणं होती. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ला सुरुवातीलाच टॉर्पेडो लागून तिच्या मागच्या भागातला वीजपुरवठा गेला होता, हेही सांगायला हवं. पण दोन तास तोफा चालवूनही एक धिमं दुपंखी विमान पडत नाही, हे आठ-नऊ वर्षं आधी ज्यांच्या डोळ्यांपुढे घडलं, त्यांनी ढालीवाचून जहाजं पाठवावीत, याला नशीब म्हणायला माझं मन तयार होत नाही.

ज्यांना हे हाताने करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. आपल्या देशातल्या २०२१च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे: वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीपुरता, आणि विमान सतत नजरेच्या टप्प्यात. नकाशावरचा हिरवा पट्टा पाहा, ४०० फुटांच्या वर जाऊ नका. दुपंखी विमानापासून सुरुवात करू नका. आधी वरती एकच पंख असलेलं साधं शिकाऊ मॉडेल घ्या. गुजरातेत राहत असाल तर उत्तरायणाच्या आसपास विमान घरीच ठेवा, मांजा तारांत अडकला की ते पतंगासारखंच काटलं जातं. उडवण्याआधी ट्रान्समीटर बंद करून पाहा, मोटर थांबते की नाही. पंखा लावलेला असताना हे करत असाल तर विमान कोणाला तरी मागून धरायला सांगा.

एवढ्या राणीमाश्यांपैकी आज उडण्याजोगी एकच उरली आहे, इंग्लंडमध्ये. तिचा क्रमांक एलएफ ८५८. ती उडते तेव्हा पुढच्या कॉकपिटमध्ये माणूस बसलेला असतो.